वाचकांचे प्रश्न : खाडीचा चिखल, सोसायटीची झाडं आणि हवेतला कार्बन

कार्बनचक्रावरच्या लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतले काही इथे घेतले आहेत. आकडेमोड शक्य तिथे सविस्तर दिली आहे, म्हणजे ज्याला हवी त्याने आपल्या झाडाची, आपल्या खतखड्ड्याची घालून पाहावी.

प्रश्न : खाडीलगत सकाळी फिरायला जातो. ओहोटी असली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. खारफुटी जंगलापेक्षा जास्त कार्बन साठवते असं सगळीकडे वाचतो, पण ही झाडं येऊरच्या जंगलातल्या झाडांपुढे अगदीच ठेंगणी. मग साठवतात कुठे? आणि हा वास सांडपाण्याचाच ना? (एक वाचक, ऐरोली)

साठा कुठे आणि वास कशाचा, दोन्हींचं उत्तर चिखलात आहे.

येऊरमधलं सागाचं पान उन्हाळ्याच्या तोंडावर गळतं. पाऊस पडला की बुरशी, वाळवी, गांडुळं त्याचा फडशा पाडतात आणि वर्ष-दोन वर्षांत त्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. लाकडात राहतो तो राहतो, मातीत थोडा मुरतो. ठाणे खाडीत झाडं मुख्यतः तिवराची. तिवराचं पान पडलं की थोडं भरतीबरोबर वाहून जातं, थोडं खेकडे बिळात ओढतात. मुळं तर जन्मतात आणि मरतात चिखलातच. हा गाळ इतका बारीक आणि पाण्याने इतका भरलेला असतो की हवेतला प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपलीकडे शिरत नाही. म्हणून तर तिवराला पेन्सिलीसारखी श्वासमुळं चिखलाबाहेर काढावी लागतात. प्राणवायू नाही म्हणजे कुजणं मंद. त्यात दर भरतीला नवा गाळ येऊन बसतो आणि जुनं आणखी खोल जातं.

ओहोटीला काठावर उभं राहूनच एक काडी चिखलात खुपसा आणि बाहेर काढा. वर तपकिरी पापुद्रा, त्याखाली राखाडी, मग काळंभोर. तो काळा रंग लोह आणि गंधकाच्या संयुगाचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट, म्हणजे गंधकाचं विरघळलेलं रूप, असतं. प्राणवायू संपला की काही जिवाणू या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तुमचा सकाळचा वास तो हाच. सांडपाणी त्यात भर घालतं, कारण ते जिवाणूंना आयतं खाद्य पुरवतं आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. पण सांडपाण्याचा थेंबही नसलेल्या खारफुटीतही हा वास येतोच.

या सल्फेटचा एक मोठा उपकार आहे. ते मुबलक असेपर्यंत मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फारसं चालत नाही, कारण त्यांचं खाद्य सल्फेटवाले जिवाणू आधीच पळवतात. गोड्या पाण्याच्या दलदलीत ही स्पर्धा नसते, म्हणून तिथून मिथेन जास्त सुटतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन हवा तापवण्यात सुमारे २७ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. खाडीच्या वरच्या टोकाला जिथे नाल्याचं गोडं पाणी जास्त आणि भरती क्षीण, तिथे हा उपकार कमी होतो.

साठा किती, हे असं मोजतात. अर्धगोल नळी एक मीटर खोल घालून चिखलाचा दांडा काढायचा, त्याचे ठरावीक लांबीचे तुकडे करायचे, साधारण ६० अंश सेल्सिअसला वाळवायचे, वजन करायचं आणि कार्बनचं प्रमाण काढायचं. नमुन्यादाखल, कोरडी घनता दर घनमीटरला ०.८ टन आणि कार्बन २ टक्के धरा. एका हेक्टरचा एक मीटर जाडीचा थर म्हणजे १०,००० घनमीटर. त्यात गाळ ८,००० टन आणि कार्बन १६० टन. तेवढा कार्बन लाकडात साठवायचा तर हेक्टरी सुमारे ३४० टन कोरडं लाकूड उभं हवं. आणि चिखल एका मीटरवर थांबत नाही.

मोजताना चुका तीन ठिकाणी होतात. नळी जोरात दाबली की चिखल चेपतो आणि घनता फुगते. गाळातले शिंपल्यांचे तुकडे आम्लाने आधी काढले नाहीत तर त्यांचाही कार्बन हिशेबात शिरतो. तिसरी चूक जास्त अवघड : त्या चिखलातला सगळा कार्बन तिवरांनी बनवलेला नसतो, बराचसा नदी-नाल्यांनी आणून टाकलेला असतो. तो तिथे टिकून आहे हे खरं, पण श्रेय वाटताना जपून.

आणि तिवरं न तोडताही हा साठा मोडता येतो. बांध घालून किंवा भराव टाकून भरतीची वाट बंद केली की चिखल सुकतो, भेगाळतो, हवा आत जाते. शेकडो वर्षं झाकून असलेला कार्बन काही वर्षांत उडू लागतो आणि काळ्या थरातल्या गंधकाचं आम्ल होऊन वरची झाडंही वाळतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलं. सुमारे १,६९० हेक्टरांची हद्द नकाशावर दिसते. भरतीच्या पाण्याच्या बारीक वाटा मात्र नकाशावर दिसत नाहीत, आणि चिखल ओला ठेवतात त्या याच.

प्रश्न : आमच्या सोसायटीने ५० रोपं लावली. आवारात पंचवीस-तीस वर्षांचे पर्जन्यवृक्षही आहेत. कमिटीला ‘कार्बन न्यूट्रल सोसायटी’ असा फलक लावायचा आहे. हिशेब कसा करायचा? (सचिव, एक गृहनिर्माण संस्था, नेरूळ)

फलकाची ऑर्डर अजून देऊ नका. आधी मापाची टेप घ्या.

जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर मोजा आणि ३.१४ ने भागा, म्हणजे व्यास मिळतो. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. घेर हाच व्यास समजून आकडे भरले की उत्तर नऊ-दहा पट फुगतं. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही फांद्या दोन झाडं म्हणून मोजा. गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या थोडं वर मोजा. उंचीसाठी शेजारच्या इमारतीचे मजले मोजा आणि मजल्याला तीन मीटर धरा, आपल्या कामाला पुरतं.

उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी रूढ असलेलं एक सूत्र असं : लाकडाची घनता × व्यास × व्यास × उंची. घनता दर घनसेंटिमीटरला ग्रॅममध्ये, व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. येणाऱ्या संख्येचा ०.९७६ वा घात काढा (मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरमध्ये ते बटण येतं) आणि ०.०६७३ ने गुणा. उत्तर म्हणजे जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोमध्ये. घनता पर्जन्यवृक्षाला ०.५, आंब्याला ०.५५, कडुनिंबाला ०.६५ च्या आसपास धरा.

१५७ सेंटिमीटर घेराचा, १२ मीटर उंच पर्जन्यवृक्ष घेऊ. व्यास ५०. गुणाकार १५,०००. त्याचा ०.९७६ वा घात सुमारे ११,९००. कोरडं वजन ८०० किलो. मुळांसाठी पाव भाग वाढवा, झाले १,००० किलो. त्याच्या ४७ टक्के कार्बन म्हणजे ४७० किलो. हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे त्याच्या ३.६७ पट, सुमारे १,७२५ किलो.

आता स्वयंपाकघरात या. १४.२ किलोचा एक गॅस सिलिंडर जळला की सुमारे ४२.५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तो अख्खा पर्जन्यवृक्ष, त्याच्या आजवरच्या सगळ्या वाढीसह, ४० सिलिंडरांइतका. वर्षाला आठ सिलिंडर वापरणाऱ्या एका घराची पाच वर्षं. यात वीज, गाड्या, लिफ्ट काहीच धरलेलं नाही.

रोपांचं सांगायचं तर पाच सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडाला हे सूत्र लावूच नये. काही वर्षांनी ती पाच सेंटिमीटर जाड आणि चार मीटर उंच झाली असं धरा (घनता ०.६). दर झाडाला आठ किलोच्या आत कार्बन डायऑक्साइड, पन्नासांचे मिळून ४०० किलोही नाहीत. नऊ सिलिंडर.

सूत्र जंगलातल्या झाडांवरून बेतलेलं आहे. पावसाळ्यापूर्वी छाटणी होणाऱ्या शहरी झाडाला ते जरा उदारपणे मोजतं. नारळ आणि रॉयल पामला तर ते लागूच पडत नाही. आणि झाड पडलं, त्याचं सरपण झालं की खात्यातली रक्कम परत हवेत. सावली, गारवा, पक्षी यांसाठी झाडं लावाच. फलकावर ‘आमच्या आवारात इतके टन कार्बन उभा आहे’ असं लिहिलंत तर ते मात्र खरं असेल, आणि कोणी टेप घेऊन तपासायला आलं तरी हरकत नाही.

प्रश्न : एका बातमीत जगाचं वार्षिक उत्सर्जन १० अब्ज टन, दुसरीत ३७ अब्ज टन. कोणती खोटी? (एक वाचक, डोंबिवली)

दोन्ही खऱ्या. पहिलीत फक्त कार्बनचं वजन आहे, दुसरीत कार्बन डायऑक्साइडचं. कार्बनचा अणुभार १२, अख्ख्या रेणूचा भार ४४. ४४ भागिले १२ म्हणजे ३.६७. आकडा वाचताना पुढचा शब्द ‘कार्बन’ आहे की ‘कार्बन डायऑक्साइड’, एवढं पाहिलं की झालं. पत्रकांत आणि जाहिरातींत तो शब्द सोयीने गाळलेला आढळतो.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडचा रेणू हवेत सरासरी चार-पाच वर्षंच राहतो असं वाचलं. मग ‘आज सोडलेला धूर शेकडो वर्षं राहतो’ हे कसं? (बारावीची विद्यार्थिनी, कळवा)

प्रश्न नेमका आहे. पहिला आकडा असा येतो : हवेत कार्बनचा साठा साधारण ८८० अब्ज टन. वनस्पती आणि समुद्र मिळून वर्षाला २०० अब्ज टनांहून जास्त घेतात. भागाकार केला की चार वर्षं. पण ते जवळपास तेवढाच परतही देतात. ही अदलाबदल आहे, वजाबाकी नाही. कळव्याच्या पुलाखालचं पाणी दर ओहोटीला जातं आणि भरतीला दुसरं येतं. त्याने खाडी आटत नाही.

या अदलाबदलीचा पुरावा अणुचाचण्यांनी दिला. १९५० ते १९६३ च्या दरम्यान हवेत केलेल्या स्फोटांमुळे किरणोत्सारी कार्बन-१४ चं हवेतलं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर त्या जवळपास थांबल्या आणि प्रमाण झपाट्याने उतरलं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे तो क्षय पावून संपला म्हणावं तर हिशेब बसत नाही. तो समुद्रात आणि झाडांत गेला आणि त्याच्या जागी तिथला साधा कार्बन हवेत आला. रेणू बदलले, एकूण रक्कम उतरली नाही.

एकूण रक्कम उतरायची तर जादा कार्बन अशा ठिकाणी जायला हवा जिथून तो लवकर परतणार नाही. कोळसा-तेल जाळून आणि जंगलं तोडून आपण जो टाकतो, त्यातला साधारण अर्ध्याच्या जवळ भाग हवेत उरतो, बाकी समुद्र आणि जमीन वाटून घेतात. समुद्राचा वरचा थर वर्षभरात हवेशी जमवून घेतो, पण खोल समुद्राशी त्याची सरमिसळ व्हायला शेकडो ते हजार वर्षं लागतात. शिवाय समुद्र जितका घेतो तितका त्याचा पीएच उतरतो. औद्योगिक काळाआधी तो ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या. फरक चिमूटभर वाटतो. पण पीएचची मोजपट्टी लॉगॅरिदमची असल्याने त्या ०.१ चा अर्थ आम्लतेत पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढ. त्यातून पुढचा घास घेण्याची समुद्राची क्षमताही कमी होते. परीक्षेत दोन वेगळे शब्द वापरा : एक रेणू हवेत राहतो तो ‘निवासकाल’, जादा रक्कम उतरायला लागतो तो ‘समायोजनकाल’.

प्रश्न : सोसायटीच्या खतखड्ड्याला ऑगस्टमध्ये असह्य वास येतो. रोज २० किलो ओला कचरा पडतो. आणि यातून खरंच कार्बन वाचतो का? (एक सभासद, घोडबंदर रोड)

वास कोणता ते आधी ठरवा. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा असेल तर नत्र जास्त आणि कार्बन कमी. कुजक्या अंड्याचा असेल तर हवा कोंडली आहे. वर खाडीच्या चिखलाचं सांगितलं तीच गोष्ट, फक्त तुमच्या पार्किंगमागे.

कार्बन-नत्र गुणोत्तर २५ ते ३० ला १ हवं. भाजी-अन्नाचा कचरा त्याहून खाली, वाळका पाला त्याच्या दुप्पट. म्हणून एक बादली ओल्या कचऱ्याला एक ते दीड बादली चुरलेला पाला. अख्खं पान घालू नका, पानावर पान चिकटून पत्रावळ होते आणि हवा अडते. हा पाला ऑगस्टमध्ये मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो झाडून पेटवला जातो, तोच पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. संपलाच तर सुतारकामाचा भुसा चालेल, पण प्लायवुडचा नको, त्यात डिंक असतो. ओलाव्यासाठी मूठभर माल घट्ट पिळा : बोटांमधून एक-दोन थेंब यावेत, धार नको. वर पत्रा, खाली निचरा, चार-पाच दिवसांनी खालीवर. मध्यभागी ५५ ते ६० अंशांची ऊब आली की बरोबर चाललंय.

कार्बनचं खरं उत्तर जरा निराश करणारं. खत होईपर्यंत कचऱ्यातला साधारण निम्मा कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. तो उडायलाच हवा, ती जिवाणूंची मजुरी आहे. मातीत घातल्यावर उरलेल्यातलाही बराच हळूहळू जातो. वाचतो तो मिथेन. हाच कचरा डम्पिंगच्या ढिगात दाबला गेला असता तर हवेविना कुजला असता, आणि तिथे मिथेनला अडवायला खाडीसारखं मुबलक सल्फेट नसतं.

प्रश्न : काळा पाषाण हवेतला कार्बन शोषतो म्हणतात. पारसिकच्या बाजूला खडीची पावडर ढिगाने मिळते. ती बागेत टाकली तर? आणि दगडाच्या पोकळीत पांढरे खडे सापडतात, तो कार्बन का? (एक शिक्षक, बेलापूर)

पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणून स्वच्छ पावसाचाही पीएच ५.६ च्या आसपास असतो. हे सौम्य आम्ल बेसाल्टमधलं, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतं, कार्बन बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो. मागे उरते ती तांबडी माती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं हे काम अजून चालू आहे आणि ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्ट त्यात चपळ. पण चपळ म्हणजे भूगर्भाच्या घड्याळाने.

दगड दळला की पृष्ठभाग वाढतो आणि वेग वाढतो. एक टन बेसाल्ट पुरता झिजला तर जास्तीत जास्त ०.३ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बांधेल, तोही बऱ्याच वर्षांत. त्यातून दळणाचा आणि ट्रकचा डिझेल वजा करा (एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड). कुंडीत मूठभर घालायला हरकत नाही, भिजवून घाला, कोरडी उडवू नका.

पांढऱ्या खड्यांत कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) असू शकतो किंवा झिओलाइट (ज्यात कार्बन नसतो). खडा थोडा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट, आणि ते बुडबुडे म्हणजे दगडात अडकलेला कार्बन वर्गाच्या हवेत परत. झिओलाइट ढिम्म राहतो.

प्रश्न : तिसऱ्यांच्या शिंपल्यांत कार्बन असतो. मग त्यांची शेती केली तर हवा साफ होईल? (एक वाचक, विटावा)

नाही, उलट. शिंपला बनवताना प्राणी पाण्यातल्या बायकार्बोनेटचे दोन भाग घेतो. एक शिंपल्यात जातो, दुसरा कार्बन डायऑक्साइड म्हणून सुटतो. लाखो वर्षांच्या हिशेबात चुनखडी हे कार्बनचं सर्वांत मोठं कोठार आहे, कारण वरच्या उत्तरातला दगड झिजताना दोन घेतले जातात आणि इथे एक परत जातो. पण शेतीच्या हंगामाच्या हिशेबात शिंपला जमेत धरता येत नाही. तिसऱ्या खायच्या असतील तर त्याला हे कारण लागत नाही.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तातला कार्बन डायऑक्साइड मीटर घेतला. उदबत्ती लावली की आकडा २,००० वर जातो. प्रकल्पासाठी विश्वास ठेवू का? (अकरावीचा विद्यार्थी, नौपाडा)

ठेवू नका. उदबत्तीला किंवा फोडणीला असा उसळणारा मीटर बहुधा कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. तो हवेतल्या वासाच्या वाफा मोजतो आणि त्यावरून अंदाजाने आकडा दाखवतो. माहितीपत्रकात ‘एनडीआयआर’, म्हणजे अवरक्त किरणांवर चालणारा, असं लिहिलेला संवेदक हवा. तो गच्चीवर सावलीत, माणसांपासून दूर वीस मिनिटं ठेवून बेतून घ्यायचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या आकड्याशी जुळवायचा. काही मीटर आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःच बेतत राहतात. तसा मीटर कायम बंद खोलीत ठेवला तर दर आठवड्याला तो खोटं बोलू लागतो. दमट दिवसांत आत बाष्प धरलं तरी आकडे भरकटतात.

हवाईतल्या माउना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा प्रमाण सुमारे ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१५) होतं, आता ते ४२० च्या वर आहे. तिथे वर्षभरातला चढउतार सहा-सात पीपीएमचा : उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की उतरतं, गळली की चढतं. तुमच्या मीटरची चूकच त्याहून मोठी असते, म्हणून तो चढउतार नौपाड्यात शोधू नका. जे सापडेल ते दिवसाचं : पहाटे हवा जमिनीलगत कोंडलेली असते, झाडंही रात्रभर श्वास सोडत असतात, त्यामुळे आकडा चढलेला. दुपारी खारा वारा सुटला की उतरलेला. पंखा, खिडकी आणि खोलीतली माणसं यांची नोंद प्रत्येक आकड्याशेजारी करा. दारं बंद करून दोघं झोपले तर सकाळपर्यंत शयनगृहात हजार सहज ओलांडतं, आणि त्या आकड्याचा घोडबंदरच्या रहदारीशी काही संबंध नसतो.